गुलाबी खोक्यावरचं फिजिक्स

"फिजिक्स चुकीचं निघालं, मावशी."

माझी भाची सोरिया दुकानात शिरली ती हे वाक्य घेऊनच, आणि पाठीवरच्या पिशवीसकट तिने पिठाच्या पोत्यावर बसकण मारली. मी डोनट पाकात बुडवत होते. पाक कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे मी हात चालूच ठेवला.

"चुकीचं म्हणजे? फिजिक्स काय चप्पल आहे, माप चुकायला?"

"दोन प्रकारचं असतं गं. मी भलतंच केलं."

"दोन सत्रं तू त्या पुस्तकात डोकं खुपसून बसलीस. गिऱ्हाईक हाका मारायचं आणि तू म्हणायचीस, एक मिनिट, एवढं गणित संपवते. दोन्ही वेळा वर्गात पहिली आलीस. ते सगळं भलतंच?"

तिने मान हलवली. डोळे भरले होते, पण रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. रडणाऱ्याला मी गप्प करू शकते. हे असं दगडासारखं बसून राहणाऱ्याचं काय करायचं ते मला आजवर कळलेलं नाही.

आमच्या गावच्या कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं काढायची आणि मग विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला शिरायचं, असा तिचा बेत होता. इथे कितीतरी पोरं असंच करतात, घरचं खाऊन अर्धी पदवी होते. तर त्या कॉलेजात फिजिक्सच्या वाटाच दोन. एक नर्स, डॉक्टर, औषधवाल्यांची, तिच्यात कॅल्क्युलस लागत नाही. दुसरी इंजिनिअरांची आणि फिजिक्सवाल्यांची, कॅल्क्युलससकट, तीन भागांची. विद्यापीठाच्या फिजिक्स विभागाला फक्त दुसरी चालते. पोरीने पहिली केली होती. का, तर आईला बरं वाटावं म्हणून.

तिची आई म्हणजे माझी धाकटी बहीण सोफल. रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात कामाला आहे, वॉर्डावॉर्डांत जेवणाची ताटं पोचवते. तिथे खिडकीमागे बसलेली औषधवाली मुलगी तिने बघितली आणि ठरवून टाकलं, आपली सोरिया तिथे बसणार. पांढरा कोट, बसून काम, घरापासून हाकेच्या अंतरावर. आम्ही लहान असताना आमच्या कंबोडियात शाळाच बंद पडल्या होत्या. सोफल दुसरीनंतर वर्गात बसली नाही, मीही फार बसले नाही. त्यामुळे शिक्षण म्हणजे नोकरी, एवढंच तिला पटतं. नुसतं कळावं म्हणून कुणी शिकतं हे तिच्या डोक्यात शिरत नाही.

पोरगी मात्र पहिल्यापासून तसलीच. दहा वर्षांची असताना कढईपाशी उभी राहून मला विचारायची, "मावशी, सगळ्या डोनटांना मधोमध पांढरा पट्टा का राहतो?" मी म्हणायचे, राहतो, पट्टा आहे, खा. तेवढ्यावर गप्प बसेल तर शपथ. तिने महिनाभर बघून बघून शोधून काढलं की डोनट तेलावर अर्धा तरंगतो, उलटला तरी अर्धाच तरंगतो, म्हणून मधल्या पट्ट्याला तेल कधी लागतच नाही. मी आयुष्यभर डोनट तळले, मला कधी प्रश्न पडला नव्हता. तेव्हाच मी ओळखलं, ही काही खिडकीमागे बसून गोळ्या मोजणारी नाही.

"बरं, मग आता?" मी पाक बाजूला सारून विचारलं. "कुणीतरी सांगितलंच असेल ना, आता काय करायचं ते?"

"मिसेस आव्हिलांनी सांगितलं." या आव्हिलाबाई कॉलेजात पोरांना कोणता विषय कधी घ्यायचा ते सांगतात. "त्या म्हणाल्या, आधी आली असतीस तर बरं झालं असतं."

"वा! मोठा सल्ला दिला. तेवढा तर मीही दिला असता, तोही डोनटसकट."

तेव्हा कुठे ती जरा हसली. मग उठली, घडी न केलेल्या खोक्यांच्या गठ्ठ्यातून एक गुलाबी पुठ्ठा ओढला, त्याचं झाकण टर्रकन फाडलं आणि गल्ल्यावर पसरून त्यावर चौकोन काढायला लागली.

"अगं, ते खोकं माझं आहे!"

"एकच गं. बघ. हा फिजिक्सचा पहिला भाग, येत्या वसंताच्या सत्रात, जानेवारीपासून. सोबत कॅल्क्युलसचा दुसरा, पहिला माझा झालाय. मग पानगळीच्या सत्रात फिजिक्सचा दुसरा भाग. आणि पुढच्या वसंतात तिसरा. तो वर्षातून एकदाच असतो."

"मग तिन्ही एकदम घे आणि मोकळी हो."

"नाही घेता येत. एक झाल्याशिवाय दुसऱ्यात बसूच देत नाहीत."

हे मला पटलं. पीठ फुगल्याशिवाय कापता येत नाही, कापून परत फुगल्याशिवाय तळता येत नाही. घाई केली की दगड तयार होतात. मी चौकोन बघितले. बाण एका चौकोनातून दुसऱ्यात जात होते, आणि सगळ्यात शेवटी एक मोठा चौकोन होता, रिकामा.

"यात काय?"

"ते नंतर लिहीन," ती म्हणाली. "आत्ता लिहिलं तर नजर लागायची."

विज्ञान शिकणारी पोर आणि नजर लागेल म्हणते! मी झाकण घेतलं आणि मागच्या खोलीत पिठाच्या पोत्यांवर भिंतीला चिकटवलं.

संध्याकाळी सोफल आली, ऐकून घेतलं, आणि तिचा चेहरा उजळला. तो उजळलेला बघून माझं डोकं फिरलं.

"म्हणजे फार्मसीला लागतं ते सगळं झालंय ना?" ती म्हणाली. "मग झालं तर! नशिबानेच वाट दाखवली. आणखी दीड वर्ष कशाला फुकट घालवायचं?"

"नशिबाने नाही, तुझ्या हट्टाने दाखवली," मी म्हटलं.

"ताई, तू मधे पडू नकोस. तुला काय, तुला दुकानात फुकटची मदतनीस मिळतेय."

ही आमची सख्खी बहीण! मी तिला जे काही ऐकवलं ते इथे सांगण्यासारखं नाही. सोरिया मधे उभी राहिली आणि आईला एवढंच म्हणाली, "मला दीड वर्ष दे, आई. नाही जमलं तर फार्मसी. शब्द देते." सोफलने तो शब्द बरोबर गाठीला बांधून ठेवला.

पोरीने ते दीड वर्ष कसं काढलं ते मी डोळ्यांनी बघितलंय. सकाळी दुकान, दुपारी वर्ग, संध्याकाळी पुन्हा माझ्या गल्ल्यावर उघडं पुस्तक, पानांना साखर चिकटलेली. पहिला भाग झाला तेव्हा तिने भिंतीवरच्या पहिल्या चौकोनावर मोठी खूण केली. पानगळीत दुसरा चालू असतानाच नोव्हेंबरात विद्यापीठाचा अर्ज गेला. त्यात लिहावं लागतं की उरलेलं तुम्ही वसंतात पूर्ण करताय. तिने लिहिलं, फिजिक्स, तिसरा भाग. आमच्याकडे रोज कॉफी प्यायला येणारा म्हातारा व्हर्जिल म्हणाला, "पोरगी पोचलीच समज." मी त्याला दटावलं. पोचायच्या आधी असं बोलू नये.

आणि जानेवारीत नको तेच झालं.

त्या सकाळी धुकं एवढं दाट होतं की समोरचा पेट्रोल पंप दिसत नव्हता. हाल्वरसन सर आत आले. हे सोरियाचे फिजिक्सचे सर, उंच, वाकलेले, दर मंगळवारी ताकाचा डोनट घेतात आणि आभार मानत मागे मागे सरकत बाहेर जातात. त्या दिवशी डोनट घेतला नाही. सोरियाकडे बघून टोपी हातात फिरवत राहिले.

"तिसऱ्या भागाला बाराच नावं आलीत," ते म्हणाले. "डीनबाईंना अठरा हवीत. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत झाली नाहीत, तर वर्ग रद्द."

सोरियाने हातातला चिमटा खाली ठेवला. "पण मागच्या सत्रात आम्ही तीस जण होतो, सर."

"त्यातले बरेच इंजिनिअर. त्यांच्या विद्यापीठांना दोनच भाग पुरतात. तिसऱ्यात प्रकाश, अणू, क्ष-किरण. तुला लागतो, त्यांना लागत नाही."

"शेजारच्या कॉलेजात?" मी विचारलं.

"तिथे तो पानगळीत असतो, मॅडम."

पुढचं मला कुणी सांगावं लागलं नाही. भिंतीवरचं झाकण मी रोज बघत होते. हा वर्ग गेला तर अर्जातलं वाक्य खोटं ठरतं, विद्यापीठाची वाट बंद होते, आणि पोरीने आईला शब्द दिलेला आहे.

"सहाच कमी आहेत ना?" मी म्हटलं. "आमची मंडळी काय मेलीत? एक फोन करते, साठ माणसं उभी करते. सोफलचे दीर, माझ्या जावा, देवळातली सगळी..."

"मावशी, आधीचे दोन भाग पास झालेले लागतात. आणि कॅल्क्युलस."

"मग आग लागो त्या कॅल्क्युलसला!"

हाल्वरसन सर दचकले. पण मग हळूच म्हणाले, "गेल्या कित्येक वर्षांत दोन भाग करून सोडून गेलेले शेकडो आहेत या गावात. त्यांचे गुण अजून चालतात. मला बरेचसे चेहरे आठवतात. पण पत्ते नाहीत माझ्याकडे."

सर गेले. सोरिया मागे जाऊन खोकी जोडत बसली. तिला वाईट वाटलं की ती खोकी जोडते. चार बाजू वर, कान आत, झाकण खाली. एकावर एक. मी तिच्याकडे बघत होते, खोक्यांकडे बघत होते, आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला.

"सोरिया, ही माणसं आता कुठे असतील? सर म्हणाले ती, अर्धवट सोडून गेलेली?"

"कुठे असणार? नोकरीला लागली असतील."

"म्हणजे टायरच्या दुकानात. पाणीपुरवठ्यात. अग्निशमन दलात. टोमॅटोच्या कारखान्यात. बरोबर?"

"असतील. मग?"

"मग माझी खोकी रोज सकाळी कुठे जातात?"

तिचे हात थांबले. मग तिने नाक मुरडलं. "खोक्यावर लिहिलेलं कोण वाचतं, मावशी?"

"वरचं कुणीच वाचत नाही. पण माणूस झाकण उघडतो तेव्हा आधी आत बघतो ना? सगळे डोनट बघेपर्यंत झाकण त्याच्या नाकासमोर उभं असतं. आतल्या बाजूला लिही."

ती लिहायला बसली, आणि काय लिहिलं म्हणता? कॉलेजचं पूर्ण नाव, विषयाचा क्रमांक, पूर्वअटी, सत्र, अंतिम मुदत. मी ते काढून घेतलं.

"हे वाचेपर्यंत डोनट शिळे होतील. असं लिही. 'फिजिक्स अर्धवट सोडलंत? दोन भाग झाले, तिसरा राहिला? शुक्रवारच्या आत या. जागा आहे.' आणि खाली दुकानाचा फोन."

"दुकानाचा?"

"कॉलेजचा फोन कोण उचलतं? मी उचलते."

व्हर्जिलला पण कामाला लावला. त्याचं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं, पण मोठं होतं. आम्ही तिघांनी जेवढी खोकी भरायची होती तेवढ्यांवर लिहिलं आणि सगळी धुक्यात रवाना केली. रुग्णालयाचं खोकं नेहमीप्रमाणे सोफलच्या हातात दिलं. तिला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर नेलं नसतं.

पहिला फोन आला तो टायरच्या दुकानातून. "वर्गात रोज डोनट मिळणार का?"

"तू दोन भाग पास झालायस का?"

"नाही. पण डोनट मिळणार असतील तर..."

मी फोन आपटला. दुसराही तसलाच. तिसऱ्याने विचारलं, दम्यावर हे चालतं का. मी म्हटलं, फिजिक्स म्हणजे काढा नव्हे बाबा. सोरियाने कपाळाला हात लावला आणि मीही मनातून हादरले. आपण पोरीचं हसं करून ठेवलं की काय?

पण बुधवारी दुपारी पाणीपुरवठ्यातली डार्लीन नावाची बाई स्वतः आली. पाण्याचे बूट घालूनच. सोळा वर्षांपूर्वी दुसरा भाग पास झाली, मग जुळी झाली, मग राहूनच गेलं. "खोकं उघडलं आणि मला वाटलं कुणी माझीच चेष्टा करतंय," ती म्हणाली. "जुळी आता माझ्यापेक्षा उंच झालीत. कोणत्या वेळेला असतो वर्ग?" तिच्यामागोमाग सौरपट्ट्या बसवणारे दोघे भाऊ आले. शाळेत विज्ञान शिकवणारा एक मास्तर आला, जरा लाजत. अग्निशमन दलातला एक तरुण आला. कारखान्यातला दुरुस्तीवाला आला, तो हाल्वरसन सरांचं नाव ऐकून म्हणाला, "अजून तेच आहेत? मला ते रागावतील." तेवढ्यात सर स्वतःच दुकानात आले, पण रागावले नाहीत. सरांनी त्याला नावाने ओळखलं आणि मग खिडकीकडे तोंड करून बराच वेळ चष्मा पुसत बसले. बुधवार संपेस्तोवर अठरा झाले आणि मी सगळ्यांना कॉफी दिली.

त्याच संध्याकाळी सोफल तणतणत आली. रिकामं खोकं हातात.

"माझ्या वॉर्डात तू फिजिक्स पाठवलंस? मला न विचारता? नर्सा मला विचारतायत हे काय आहे, आणि मला वाचताही येत नाही नीट! सगळ्यांसमोर माझी शोभा केलीस."

"तुला विचारलं असतं तर नेलं असतंस?"

"नसतंच नेलं! ताई, तू तिला नादी लावतेयस. शुक्रवारी वर्ग बंद होणार होता, झाला असता, पोर सुटली असती. तुला का खुपतं तिचं भलं?"

सोरिया दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं. नुसती आत गेली आणि खोकी जोडायला लागली. सोफल खोकं गल्ल्यावर आपटून निघून गेली.

गुरुवारी कळलं, सौरपट्ट्यांवाल्या भावांतल्या धाकट्याला नेव्हाडात काम लागलं. त्याने नाव काढलं. सतरा.

शुक्रवारी सकाळी मी पुन्हा खोकी पाठवली, रुग्णालयाचं या वेळी व्हर्जिलच्या हाती. नाव द्यायला कुणाचाच फोन आला नाही. एकदा वाजला, तर पिठाचा व्यापारी. दहा वाजले, साडेदहा वाजले. हाल्वरसन सर कॉलेजातून फोन करून विचारत होते आणि दर वेळी मला नाही म्हणावं लागत होतं. सोरिया मागच्या खोलीत भिंतीवरच्या झाकणासमोर उभी होती.

"फार्मसीचे अर्ज अजून चालू आहेत, मावशी," ती शांतपणे म्हणाली. "आईला मी शब्द दिलाय. आज घरी गेल्यावर भरते."

"अजून बारा वाजले नाहीत!"

"मावशी, पुरे आता. तू खूप केलंस."

तिचा तो शांत आवाज ऐकून माझा जीव तीळ तीळ तुटला. मी ओरडणारच होते, काय ते माहीत नाही, पण कुणावर तरी ओरडणार होते. तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

सोफल होती. एकटी नव्हती. तिच्यामागे एक चाळिशीचा माणूस, रुग्णालयाचे निळे कपडे, रात्रपाळी करून लाल झालेले डोळे. सोफलने त्याला शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखं बाहीला धरून आत आणलं होतं.

"हे रोमेल," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "क्ष-किरणांचं मशीन चालवतात. यांना फिजिक्स हवंय म्हणे. मला त्यातलं काही कळत नाही. काय ते तुम्ही बघा, लवकर."

रोमेल बिचारा गोंधळलेला. "दोन भाग झालेत माझे," तो सोरियाला म्हणाला. "इथेच. मग वडील गेले, कमवायला लागणार होतं, म्हणून मशीनचा कोर्स केला. रोज फोटो काढतो हाडांचे. आत नेमकं काय होतं ते तिसऱ्या भागात होतं, आणि तोच राहिला. पण आता एवढ्या वर्षांनी जमेल का मला?"

"जमेल," सोरिया म्हणाली. "मी शिकवीन. तुम्ही आधी नाव घाला."

गल्ल्यावरच्या साखरेत कोपर टेकवून त्याने सोरियाच्या लॅपटॉपवर नाव घातलं. जुना पासवर्ड आठवेना, तेव्हा मी त्याला एक डोनट दिला, आणि मग आठवला. हाल्वरसन सरांनी तिकडून मंजुरी दिली. घड्याळात बारा वाजायला थोडा वेळ होता, किती ते मी बघितलं नाही. थोड्या वेळाने सरांचा फोन आला. ते एवढंच म्हणाले, "वर्ग होणार," आणि मला वाटतं ते रडत होते. सोरिया तर रडतच होती, तोंड पिठाने माखलेलं. आता मी तिला गप्प करू शकत होते, पण केलं नाही.

रोमेल गेल्यावर मी सोफलला कॉफी दिली. ती खुर्चीच्या टोकावर बसली होती.

"आता सांग," मी म्हटलं. "परवा तर माझ्या जिवावर उठली होतीस."

"त्याने आज सकाळी खोकं उघडलं," ती म्हणाली. "बाकीच्यांनी डोनट उचलले, गेले. हा डोनट हातात घेऊन तसाच उभा. झाकण वाचतोय, परत वाचतोय. मी ताटं गोळा करून परत आले तरी उभा. मी विचारलं, काय झालं, कुणी वारलं का? तर म्हणाला, नाही हो, हे माझं राहिलंय." कॉफीचा कप तिने दोन्ही हातांनी धरला होता. "ताई, त्याचा चेहरा बघितला मी. चांगली नोकरी आहे त्याला, घर आहे, दोन गाड्या आहेत. आणि चेहरा असा, की... चाळिशीला माझी सोरिया अशी कुठल्यातरी खोक्यापुढे उभी राहिलेली मला चालणार नाही."

सोरिया आईच्या खुर्चीजवळ जाऊन खाली बसली आणि तिच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. सोफलने तिच्या केसांतलं पीठ झटकलं, जरा जोरातच, रागावल्यासारखं.

मग तिचं लक्ष उघड्या दारातून मागच्या खोलीतल्या भिंतीकडे गेलं. वर्षभरात ती कधी आत आलीच नव्हती, आल्या आल्या भांडून परत जायची. उठून ती झाकणासमोर उभी राहिली. तेलाचे डाग पडून तो गुलाबी रंग पार मळकट झाला होता.

"हे काय?"

"माझा बेत," सोरिया म्हणाली. "हे झालं, हे झालं, हे आता होणार."

"आणि हा शेवटचा? रिकामा का ठेवलास?"

"नजर लागेल म्हणून."

"कुणाची? माझीच ना?" सोफल म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "ताई, पेन दे तिला."

मी दिलं. सोरियाने मोठ्या अक्षरांत लिहिलं. सोफल तिच्या खांद्यावरून बघत राहिली, अक्षरं लावायचा प्रयत्न करत.

"मोठ्याने वाच," ती म्हणाली. "मला नीट वाचता येत नाही."

"विद्यापीठ. फिजिक्स."

"परत वाच."

सोरियाने परत वाचलं.